वाघजाईच्या धारेवरचे सात ऐन

गणपतदादा,

काल तुमच्या बाराव्याला येऊन गेले. पोलादपूरच्या पुढे रिक्षावाला गावाच्या फाट्यावरच थांबला, म्हणून शेवटचा चढ पायी चढले. धाप लागली तेव्हा सवयीने थांबले, की आता पुढून तुमचा आवाज येईल, "बसा दोन मिंटं मॅडम, डोंगूर कुठं पळून नाय जात." आवाज आला नाही. मी बसले मात्र.

ओसरीवर तुमच्या जागी कोणी पाहुणे पान लावत बसले होते. मला त्यांचा इतका राग आला की मी त्यांना धड नमस्कारही केला नाही. बिचाऱ्यांचा काय दोष? पण माझा राग कधी विचारून येत नाही, हे तुमच्याइतकं कोणाला माहीत!

तुमच्याबाबतीत एक गोष्ट चारचौघांत कबूल करायची माझी चौदा वर्षं राहून गेली होती. काल ती मी वहिनींना सांगितली. सांगितल्यावर जे झालं, त्यासाठी आज हे लिहायला बसले आहे.

मी महाडला आले तेव्हा चोवीस वर्षांची होते. पुण्यात शिकलेली, टेलिफोन खात्यात इंजिनिअर म्हणून नुकतीच चिकटलेली, नोकरी अजून कच्ची. खात्यातले लोक माझ्याकडे बघायचे ते पाहुणी आल्यासारखे. बाईमाणूस टॉवरवर चढणार का, डोंगरात फिरणार का, असं कुजबुजायचे, आणि कुजबुज मला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने करायचे. तुम्ही माझ्यापेक्षा पंधरा वर्षांनी मोठे, खात्यात टेक्निशियन. पहिल्या दिवशी तुम्ही फक्त माझ्या पायांकडे बघितलंत आणि म्हणालात, "ही चप्पल नाय चालायची." दुसऱ्या दिवशी बाजारात नेऊन कॅनव्हासचे बूट घ्यायला लावलेत. लोकांसमोर तुम्ही मला मॅडम म्हणायचात, आणि डोंगरात कोणी नसलं की बाय. मला ते दुसरं जास्त आवडायचं. सांगितलं मात्र कधी नाही.

तेव्हा पोलादपूरच्या वरच्या गावांतून मुंबईला फोन लावायचा म्हणजे दिवस मोडायचा. खांबांवरची तार पावसात कुठे ना कुठे तुटलेलीच. म्हणून ठरलं की तार नको, महाडहून मायक्रोवेव्हने सरळ हवेतूनच बोलणं पाठवायचं. इकडे एक टॉवर, तिकडे एक टॉवर, दोघांच्या अंगावर एकमेकींकडे तोंड करून बसवलेल्या डिश. या लहरींचा स्वभाव हट्टी असतो. रेडिओच्या मोठ्या लहरींसारख्या त्या डोंगराला वळसा घालून जात नाहीत. निघाल्या की नाकासमोर. मध्ये डोंगर आला, इमारत आली, की कारभार आटोपला. म्हणून टॉवर बांधायच्या आधी एका टोकाहून दुसरं टोक दिसतं का, ते जाऊन बघायचं असतं, आणि बघायची रीत तुमच्या गावातल्या पोरांच्या खेळासारखी आहे: एकाने तिकडून आरशाने ऊन पाडायचं, दुसऱ्याने इकडून दुर्बिणीतून ते लकाकताना बघायचं.

पण आरसा दिसला म्हणजे काम संपत नाही. डोळ्याला सुईच्या नेढ्याएवढी वाट पुरते, लहरीला रुंद वाट लागते. मी हे तुम्हाला कागदावर काढून दाखवलं होतं. दोन्ही टोकांना निमुळती, मध्ये फुगलेली अशी आकृती. तुम्ही म्हणालात, "म्हंजे काकडीच की." पुढे गावात कोणी विचारलं की तुम्ही हात पसरून सांगायचात, "काकडी हाय ती काकडी, मंधी जाड. मंधी काय आडवं येता कामा नाय." खात्याच्या पुस्तकात चार पानं खर्ची पडली आहेत त्यासाठी. मी नंतर प्रशिक्षण केंद्रात शिकवायला लागले तेव्हा तुमची काकडीच शिकवली. पोरं हसायची आणि परीक्षेत बरोबर लिहायची.

आणि नेमकी मध्ये, काकडी सगळ्यात जाड होते तिथे, तुमच्या गावावरची वाघजाईची धार, डोंगराचा लांबट कणा, आडवी होती. धारेवर ऐनाची सात झाडं. तुमच्याच घरची.

माघ संपत आला होता. हवा स्वच्छ. तुम्ही पहाटे निघून तुमच्या गावावरून धार ओलांडून पलीकडच्या डोंगरावर गेलात, मी महाडच्या टेकाडावर दुर्बीण घेऊन उभी. नियम असा की मधल्या अडथळ्याच्या जागी इंजिनिअरने स्वतः जायचं, झाडं मोजायची, ती किती वाढतील ते धरायचं आणि मग उंचीचा हिशेब करायचा. मी गेले नाही. का गेले नाही, ते तुम्हाला माहीत होतं. दुसऱ्या दिवशी पुण्यात मला बघायला मुलगा येणार होता आणि मला दुपारची वरंध घाटाची एसटी गाठायची होती. (त्या मुलाने पुढे नकार कळवला. तुम्ही म्हणालात, "बरं झालं, डोळ्यानं अधू असंल." मी आठ दिवस हे आठवून हसत होते.)

साडेदहाच्या सुमारास आरसा लकाकला. मी अक्षरशः उडी मारली. वॉकीटॉकीवर ओरडले, "दिसला दादा, दिसला!" तुमचा आवाज आला, खरखरत पण स्पष्ट. तुमचे शब्द मला आजही जसेच्या तसे पाठ आहेत.

"बाय, एक ध्यानात घ्या. धारेवरच्या ऐनांचा कवळ आत्ताच तोडलाय आमी. सोटं उभं हायत नुसतं. पावसात पुरुषभर वाढतात ती."

कवळ म्हणजे काय, हे पुण्याच्या माणसाला माहीत नव्हतं असंही नाही. तुम्हीच सांगितलं होतं. पौष-माघात ऐनाच्या, किंजळीच्या फांद्या तोडायच्या, वाळवायच्या, भाताच्या रोपासाठी जी जमीन भाजायची तिच्यावर अंथरून पेटवायच्या. राब. दर वर्षी झाड बोडकं करायचं आणि दर पावसाळ्यात ते पुन्हा डवरायचं. महिनाभर आधी दुर्बीण लावली असती तर मला तिथे हिरवी भिंत दिसली असती. मी लावली ती नेमकी झाडं बोडकी असतानाच.

मी काय उत्तर दिलं? "दादा, झाडांचं नंतर बघू. तुम्ही उतरा आता."

अहवालात झाडांच्या वाढीचा रकाना होता. एसटीत बसून, गुडघ्यावर कागद ठेवून मी त्यात शून्य लिहिलं. नंतर बघू म्हटलं ते बघितलंच नाही. उंचीचा हिशेब तसाही जेमतेम बसत होता, टॉवर आणखी उंच मागितला असता तर मंजुरीला वर्ष लागलं असतं, आणि वरून घाई चालली होती. ही सगळी कारणं खरी आहेत. पण शून्य माझ्या हाताने लिहिलं.

टॉवर उभे राहिले. उन्हाळ्यात दोन टॉवरांमधला दुवा सुरू झाला तेव्हा तुमच्या गावातल्या एसटीडी बूथवर पेढे वाटले. वहिनींनी मला ओवाळलं. मी, चोवीस-पंचवीस वर्षांची मुलगी, गावच्या बायकांच्या मध्ये पाटावर बसून ओवाळून घेत होते आणि मला वाटत होतं की आपण काहीतरी मोठं केलं आहे.

मग पाऊस आला. आषाढात आवाज तुटायला लागला. श्रावणात दिवसातून तासभरच लागायचा. भाद्रपदात, ऐन गणपतीत, मुंबईची माणसं गावाला आलेली असताना, फोन मेला. बूथसमोर रांग लावून उभे असलेले लोक माझ्याकडे बघत होते ते मला अजून दिसतं. एक बाई मुंबईला मुलाच्या आजारपणाची खबर घ्यायला आली होती. ती नुसती माझ्यासमोर उभी राहिली. ऐनाची पानं रुंद, पावसाने भिजलेली. ओली पानं लहर पिऊन टाकतात. पुस्तकात हे एका ओळीत आहे.

वरून चौकशीला साहेब आले. महाडच्या एक्स्चेंजमध्ये टेबलावर माझा अहवाल उघडून बसले. तुम्ही दाराशी, मी समोर खुर्चीत. त्यांनी शून्यावर बोट ठेवलं आणि विचारलं, "झाडं कोणी पाहिली होती?"

माझ्या तोंडातून शब्द फुटेना. एवढी बडबडी मी, ऊठसूट लोकांवर खेकसणारी. तेव्हा मिठाची गुळणी धरून बसले. आणि तुम्ही दारातून म्हणालात, "मी पायली, साहेब. मॅडमना सांगायचं माझ्याकडून राहिलं."

मी वर बघितलं. तुम्ही माझ्याकडे बघत नव्हतात. मला वाटतं दोन मिनिटं तरी त्या खोलीत शांतता होती, आणि त्या दोन मिनिटांत "नाही, त्यांनी सांगितलं होतं" एवढे चार शब्द बोलायचे होते. मी बोलले नाही. साहेब लिहीत होते आणि मी त्यांचं पेन चालताना बघत राहिले.

तुम्हाला लेखी ताकीद मिळाली, आणि गावात चर्चा झाली की गणपतला घरचीच झाडं दिसली नाहीत. बढतीच्या यादीतून नाव गेलं आणि पुढची किती वर्षं ते वर आलंच नाही. मी मात्र कायम झाले.

आठ दिवसांनी सवच्या गरम पाण्याच्या कुंडांपाशी आपण गाडी थांबवली होती, आठवतं? माझ्या पायांना फोड आले होते आणि तुम्ही म्हणालात गरम पाण्यात पाय सोडा. तिथे मी तुमच्याशी भांडले. का बोललात तसं, कोणी सांगितलं होतं मोठेपणा करायला, मी उद्याच्या उद्या लिहून देते. तुम्ही शांतपणे बिडी ओढत होतात. म्हणालात, "बाय, माझी नोकरी पक्की हाय, तुमची कच्ची. मी चुकलो तर गणपत चुकला म्हणतील. तुमी चुकलात तर उद्या हितं दुसऱ्या पोरीला पाठवनार नायत." मी म्हणाले, हे बरोबर नाही. तुम्ही म्हणालात, "बरोबर नायच." आणि विषय संपला. तो वाद तिथेच अर्धा राहिला, दादा. मी पुन्हा काढला नाही. तुम्ही पुन्हा काढाल याची मला भीती वाटायची, तुम्ही काढायचा नाहीत, म्हणून हळूहळू मी निर्धास्त झाले.

टॉवरचा वरचा वाढीव भाग येईपर्यंत दुवा चालू ठेवायचा तर झाडं खाली ठेवायला हवी होती. ते कामही तुमच्याच गळ्यात. दर पंधरा दिवसांनी कोयता घेऊन धारेवर जायचात आणि भर पावसात, हिरव्या, रसरशीत फांद्या उतरवायचात. ऐनाला हे सोसत नाही. पौष-माघात तोडलेलं झाड फुटतं, पावसात सारखं तोडलेलं झाड थकतं. दोन पावसाळे असे गेले आणि सातांतली चार वाळली. वहिनींना कवळासाठी पार खिंडीच्या पलीकडे जावं लागायचं, डोक्यावर भारा घेऊन. एकदा मी ओसरीवर चहा घेत असताना त्या आतून म्हणाल्या, माझ्यासाठी नव्हे, तुमच्यासाठीच, "घरची झाडं घरच्याच मानसाला दिसली नायत व्हय?" तुम्ही बशीतला चहा फुंकत राहिलात. मीही फुंकत राहिले.

मग माझी पुण्याला बदली झाली. निघताना तुम्ही एक पिशवीभर नाचणीचं पीठ दिलंत आणि सांगितलंत, "तिकडं मऊ खाऊन राग वाढंल."

आपला दुसराही एक वाद होता, तो मात्र मी हरले आणि हरल्याचं कबूलही केलं. थंडीच्या सकाळी सावित्रीच्या खोऱ्यात धुकं भरलं की सिग्नलच्या मीटरचा काटा चढतो, मग अचानक पडतो, मग पुन्हा चढतो, असं तुम्ही म्हणायचात. मी म्हणायचे, तुमचा मीटर बिघडला आहे. तुम्ही महिनाभर वहीत टिपणं ठेवलीत: धुकं किती, काटा कुठे. मी वही उघडूनही बघितली नाही. पुण्यात गेल्यावर एका पुस्तकात सापडलं, की थंड हवा खाली आणि ऊबदार हवा वर असे थर बसले की सरळ जाणारी लहरही थोडी वाकते. कधी जास्त पोचते, कधी भलतीकडे जाते. त्याच दिवशी मी तुम्हाला पोस्टकार्ड टाकलं, "दादा, तुम्ही बरोबर होतात." तुम्ही ते गावभर दाखवलंत असं नंतर कळलं. केवढा आनंद झाला होता तुम्हाला तेवढ्याशा कबुलीचा. मला तेव्हाही सुचलं नाही, की बाई, एवढ्याशा कार्डानं ज्याची छाती फुगते त्याला दुसरं कार्डही टाक.

पुढे तो दुवाच बंद झाला. जमिनीखालून काचेची तार गेली, तिला डोंगरही आडवा येत नाही आणि झाडही नाही. मग मोबाइल आले. दर दिवाळीला तुमचा फोन यायचा. तब्येत, पोरी, भात. मी दर वर्षी ठरवायचे की या खेपेला सांगायचं, मी वहिनींशी बोलेन, गावात सांगेन. मग म्हणायचे, फोनवर कशाला, समोर जाऊन सांगू. या मे महिन्यात यायचं अगदी नक्की केलं होतं. तुम्ही फाल्गुनातच गेलात.

काल जेवणावळ उठल्यावर वहिनी मागच्या पडवीत एकट्या बसल्या होत्या. मी त्यांच्याजवळ जाऊन बसले आणि सगळं सांगितलं. आरशाचं, वॉकीटॉकीचं, शून्याचं, साहेबांच्या समोर गप्प बसल्याचं. कारणं सांगितली नाहीत. मला वाटलं त्या चिडतील, मला घालवून देतील. तेही चाललं असतं. खरं सांगायचं तर मला तेच हवं होतं.

त्यांनी माझ्याकडे वळून बघितलं. मग म्हणाल्या, "म्हंजे त्यांनी सांगितलं हुतं तुमाला?"

"हो वहिनी."

"झाडं वाढत्यात म्हनून?"

"हो."

"मग मला का नाय बोललं?"

मला वाटत होतं तुम्ही निदान घरात सांगितलं असेल. इतकी वर्षं मी त्याच भरवशावर होते, दादा. की जगाला नसेल, पण वहिनींना तरी खरं माहीत आहे.

वहिनी पदराचं टोक बोटाला गुंडाळत होत्या. "मी चवदा वर्सं बोलले वो त्यांना," त्या म्हणाल्या. "काय हरवलं, काय सांडलं, की मी म्हनायची, तुमाला समोरचं दिसतं कुठं. पोरी पन म्हनायच्या. हसायचे नुसते. दवाखान्यात शेवटच्या दिवशी पान्याचा पेला हातातनं पडला. तवा पन मी त्येच बोलले. तवा पन हसले." आणि मग त्या रडल्या. तुमच्या जाण्याचं रडणं बारा दिवसांत रडून झालं होतं त्यांचं. हे नवीन होतं, आणि ते मी आणलं होतं.

मला तुमचा राग आला, दादा. तुमच्या बाराव्याच्या दिवशी, तुमच्या पडवीत. बायकोला सांगायला काय झालं होतं? ती कुठे चौकशी करणार होती? मग लक्षात आलं की वहिनींना कळलं असतं तर त्या मला त्याच दिवशी दारातून हाकलून देत्या, आणि मग बोलबोल म्हणता गावाला कळलं असतं. तुम्ही एकदा शब्द दिलात तो घरातही पाळलात. मी मागितलाही नव्हता तो.

मी मोकळी व्हायला गेले होते. मोकळी झालेही असेन थोडी. पण माझं ओझं त्या बाईच्या डोक्यावर ठेवून आले, आणि तुम्ही असता तर ते उतरवायला तिला जागा होती, आता नाही.

निघताना वहिनी फाट्यापर्यंत आल्या. रिक्षा येताना दिसली. मग माझा हात धरून म्हणाल्या, "तुमी शिकलेल्या. तुमी लिवता. त्यांना लिवा तेवढं, का मी चुकले."

मी मान हलवली.

दादा, वहिनींचा निरोप आहे: त्या चुकल्या, असं त्या म्हणतात. त्यांचं काहीही चुकलं नाही. तुम्ही सांगितलं होतंत. मी ऐकलं होतं.